खिडकीखालचं बस्कर

"यातल्या एका शब्दावर तुम्ही विश्वास ठेवणार नाही," मी म्हणालो, "आणि ठेवूही नका. पण शेहेचाळीस वर्षांपूर्वी मी चाळीस पोरांचा एक उधळलेला वर्ग महिन्याच्या आत असा गप्प केला होता, की खिडकीतून आलेली माशीसुद्धा पाय न वाजवता बसायची. आणि तेही एकाही पोराला हात न लावता. जे पोर जन्मालाच आलं नव्हतं, त्याला शिक्षा करून!"

नव्या मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं. एकदोघांनी मोबाईल खाली ठेवले. मला तेवढंच हवं होतं.

केंद्रशाळेत नव्या शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. केंद्रप्रमुख दाभाडे मला असल्या वेळी मुद्दाम बोलावतात. जेवणानंतरचा तास द्यायचा कुणाला, हा त्यांचा प्रश्न असतो. माझ्या तासाला माणसं पेंगत नाहीत. "लोणकर गुरुजी आता वर्गनियंत्रणावर बोलतील," एवढं सांगून ते स्वतः हेडमास्तरांच्या खोलीत आडवे व्हायला गेले. फळ्यावर सकाळच्या कुणीतरी सुरेख अक्षरात लिहून ठेवलं होतं, 'वर्गनियंत्रण : प्रेमाने'. मी आत आल्या आल्या डस्टर घेतलं आणि 'प्रेमाने' तेवढं पुसून टाकलं. निम्मी सभा तिथंच जिंकली.

आठ जण होते. पुढच्या बाकावर तेजश्री गवंडे नावाची पोरगेलीशी बाई वही उघडून बसली होती. तिला पाचवीचा वर्ग मिळाला होता आणि पंधरा दिवसांत ओरडून ओरडून घसा बसला होता. बोलली की फाटक्या भोंग्यासारखा आवाज यायचा. तिच्या शेजारी निवृत्ती घुले, हसायला कायम तयार. आणि दारात, उजेड बरा पडतो म्हणून, शाळेची खिचडी शिजवणारी सोनामावशी सूप घेऊन उद्याचे तांदूळ निवडत बसली होती.

"जन्मालाच न आलेला पोरगा?" घुले म्हणाला. "गुरुजी, सांगाच."

सांगितलं.

साल बहात्तर. दुष्काळाचं. माझं वय बावीस, आणि मला नेमणूक मिळाली खडकवेढे गावात, सातवीच्या वर्गावर. त्या वर्गानं माझ्याआधी सहा महिन्यांत तीन मास्तर खाल्ले होते. पहिल्याच्या खुर्चीवर पोरांनी खाजकुयली पसरली. ते गृहस्थ जे खाजवत निघाले ते तालुक्याला जाऊनच थांबले, आणि मी असं ऐकलंय की पेन्शनीत निघेपर्यंत खाजवत होते. दुसऱ्याची सायकल लिंबाच्या शेंड्यावर नेऊन अडकवली. ती काढायला मास्तर वर चढले तर खालून शिडी पळवली. बिचाऱ्यानं दिवस मावळेपर्यंत फांदीवर बसूनच इतिहास शिकवला. तिसरा मास्तर न सांगता गेला तेव्हा पोरांनी त्याच्या जागी गाढव आणून उभं केलं. हेडमास्तर दारावरून डोकावले, म्हणाले, "छान, चालू द्या," आणि पुढं गेले.

"काहीही, गुरुजी!" घुले डोळे पुसत म्हणाला.

"सांगितलं ना, विश्वास ठेवू नका."

हेडमास्तरांचं नाव कुंभोजकर. तपकिरीची चिमूट नाकाशी धरून बोलायचे, आणि वाक्य संपलं की ओढायचे. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "लोणकर, महिन्यानं डिपुटी साहेब तपासणीला येणार. त्यांना वर्ग गप्प दिसला तर तुमची कायमची ऑर्डर. नाही दिसला तर साडेपाचची एस.टी." आणि चिमूट ओढली.

आता माझी अडचण अशी की माझं लग्न ठरलं होतं. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं, कायमची ऑर्डर दाखवा आणि मुलगी घेऊन जा. पाव्हणे, तोवर चहासुद्धा बाहेरच्या ओसरीवर. मुलगी मी एकदाच पाहिली होती, पण ती एकदा पाहून पुरेशी नव्हती, हे माझ्या ध्यानात आलं होतं. तेव्हा त्या ऑर्डरीवर माझा सगळा संसार टांगलेला होता.

आणि वर्ग तर हजेरीतच फुटायचा.

कसा, तर ऐका. पटावर चाळीस मुलं होती, पण एक्केचाळीस झाली नाहीत तर एक शिक्षक कमी होणार, अशी टांगती तलवार. म्हणून कुंभोजकरांनी एक नाव मनानंच घालून ठेवलं होतं. अनुक्रमांक सव्वीस, हणमंत बाळू ढेंबरे. असला कुणी पोरगा गावात नव्हता, पंचक्रोशीत नव्हता. पोरांना ते ठाऊक होतं. मी पंचविसापर्यंत कसाबसा पोचायचो. "सव्वीस, हणमंत ढेंबरे," म्हटलं की चाळीस तोंडं एकदम सुरू, "ह... ह... ह... ह... हजर!" मग कुणी खिडकीत उभं राहून ह ह ह करायचं, कुणी मांडीवर ताल धरायचं, पोरी तोंडात पदर कोंबायच्या. ती ह ह ह काही थांबायची नाही. सत्ताविसावा नंबर येईपर्यंत तास संपलेला असायचा.

"पण ह ह ह का?" तेजश्रीनं विचारलं. "नुसतं हजर का नाही म्हणायची?"

"गवंडेबाई, पोरंच ती. जो नाहीच त्याला आवाज कसला द्यायचा? सुचला तो दिला."

तिनं काहीतरी लिहिलं आणि त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह काढलं. मला उलटं वाचता येतं.

मी आधी जे सगळे करतात ते केलं. ओरडलो, माझा घसा बाईंच्यासारखा झाला. छडी चालवली; ज्याला मारलं तो त्या दिवसापुरता पुढारी झाला. अंगठे धरायला लावले तर अंगठे धरून ह ह ह सुरू. आठ दिवसांनी मी खोलीवर बसून एस.टी.चं वेळापत्रक पाठ करत होतो, तेव्हा डोक्यात उजेड पडला. वर्ग फुटतो कुठं? सव्वीस नंबरावर. मग सव्वीस नंबरच बंद केला तर?

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या अडगळीतून एक बस्कर काढलं. तेव्हा बाक नव्हते. प्रत्येक पोर घरून आपापलं बस्कर आणायचं, पोत्याचा चौकोनी तुकडा, कडा दुमडून शिवलेला. हे एक बेवारशी पडलं होतं, निळ्या दोऱ्यानं शिवलेलं. ते मी मागच्या कोपऱ्यात खिडकीखाली टाकलं, इतरांपासून हातभर लांब. हजेरी सुरू केली. पंचवीस झाले. "सव्वीस," मी म्हणालो, मान वर केली नाही, आणि कुणी तोंड उघडायच्या आत म्हणालो, "गैरहजर." रकान्यात 'ग' लिहिला.

"हाय की गुरुजी!" पोरं ओरडली. "ह्यो काय बसलाय!"

"कुठं?"

"ह्यो काय, खिडकीखाली!"

मी उठलो. सावकाश मागं गेलो. बस्कराकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, खिडकीतून बाहेर पाहिलं. म्हणालो, "मला इथं कुणी दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाला दिसतं का? ज्याला दिसत असेल त्यानं आपलं बस्कर उचलून इथं शेजारी येऊन बसावं. उद्यापासून तोही मला दिसणार नाही. त्याला हजेरी नाही, त्याची वही तपासायची नाही, दुपारी त्याला सुकडी नाही. बोला. कुणाला दिसतं?"

एक पोर हललं नाही.

दुष्काळ होता, मंडळी. दुपारची ती वाडगाभर सुकडी म्हणजे निम्म्या पोरांचं दिवसाचं जेवण होतं.

"सत्तावीस," मी म्हणालो, आणि सत्तावीस नंबरचा पोरगा असा "हजर" म्हणाला, की जणू न्यायालयात उभा आहे.

घुलेनं टाळी वाजवली. "मान गये, गुरुजी! हवेला शिक्षा!"

"लिहून घ्या," मी सांगितलं. "पोराला माराची भीती नसते. मार म्हणजे कुणीतरी आपल्याकडं बघतंय. त्याला खरी भीती असते, आपल्याला कुणी मोजणार नाही याची."

सात जणांनी लिहून घेतलं. तेजश्रीचं पेन उघडंच होतं, पण हललं नाही. दारात तांदूळ सुपात उडत होते आणि खाली पडत होते.

एकदा गाडी रुळावर आल्यावर मी ती चांगली पळवली. रोज नवा खेळ. फळ्यावरचं गणित सोडवायला बोलावताना मी म्हणायचो, "कोण येतंय? सव्वीस? नाही, सव्वीस तर नाहीच." वह्या तपासून झाल्या की खिडकीखाली एक वही सापडायची, स्वच्छ अक्षर, सगळी गणितं बरोबर. मी ती न उघडता परत त्याच जागी ठेवायचो.

"वही? कुणाची?" घुले म्हणाला.

"हीच तर गंमत! त्या बस्करावर एकेक चीज उगवायला लागली. वही उगवली, पाटीचा तुकडा उगवला. अवकाळी सर पडून गेलेल्या एका सकाळी ओल्या पावलांचे दोन ठसे. चाळीस पोरं इतकं मन लावून कुणाकडं तरी बघायचं टाळत होती, की तिथं कुणीतरी तयार व्हायला लागलं होतं."

"बाप रे," मागून कुणीतरी म्हणालं. भुताची गोष्ट म्हटली की माणूस सावरून बसतो.

एक दिवस परीक्षा घ्यावी म्हणून मी छडी घेऊन मागं गेलो. बस्करापाशी उभा राहिलो. वर्ग पुढं बघत बसलेला. मी छडी उचलली आणि त्या रिकाम्या बस्करावर सपकन ओढली. आणि खोटं सांगत नाही, त्या बस्करातून आवाज आला. "ह..." एवढाच. पुढं काही नाही. मी पुन्हा ओढली. पुन्हा "ह..." एकाही पोरानं मान वळवली नाही. तेव्हा मला कळलं, आपण जिंकलो.

एकच पोरगा जरा कच्चा निघाला. सदा न्हावी. सुकडी वाटून झाली की हा आपला वाडगा घेऊन खिडकीपाशी जायचा आणि निम्मी सुकडी बस्करावर ठेवायचा. आणि ती नाहीशी व्हायची!

"आता मात्र अती झालं!" घुले बाकावर हात आपटत हसला. "भूत सुकडी खातंय!"

"खात होतं. मी सदाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचा नंबर आला, आणि मी मान वर न करता म्हणालो, 'गैरहजर.' सदा म्हणाला, 'हजर, गुरुजी.' मी पुढचा नंबर घेतला. तो उभा राहिला. 'गुरुजी, हजर.' मी पुढचा नंबर घेतला. तिसऱ्या दिवशी दुपारी तो रडत माझ्या टेबलाशी आला, म्हणाला, 'गुरुजी, तिथं कोन न्हाई. म्या बघितलं. कोन बी न्हाई.' मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि त्याला दोन वाडगे सुकडी वाढायला सांगितली. छडी महिनाभर जे करू शकली नसती ते दोन वाडग्यांनी केलं."

हे मी जरा हळू आवाजात सांगतो. नेहमी इथं लोक पुढं वाकतात. वाकले. तेजश्री मात्र मागं टेकली.

आता यातला सगळ्यात अचाट भाग. एक दिवस दुपारी शाळेत बाप आला!

"कुणाचा?"

"सव्वीस नंबरचा. हवेचा बाप!"

सगळा वर्ग खदखदला. मीही त्यांच्याबरोबर हसून घेतलं.

दुष्काळी कामावर खडी फोडणारा माणूस. पापण्यांवर पांढरी धूळ, हातात टोपी. दारातच उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, पोरगं म्हंतंय, गुरुजी माझ्याकडं बघत न्हाईत. काय चुकलं आसंल त्याचं तर मारा, पर बघा त्याच्याकडं."

मी हजेरीपट उघडून त्याच्यापुढं धरला. "वाचता येतं का?"

"न्हाई जी."

"बरं. ही ओळ तुमच्या मुलाची. हे अक्षर बघा. हे पुढचं बघा. सारखंच आहे ना? हा ग. ग म्हणजे गैरहजर. पंधरा दिवस तुमचा मुलगा शाळेत आलेला नाही. तो रोज घरून निघतो आणि जातो कुठं, हे तुम्ही मला सांगायचं, की मी तुम्हांला?"

तो त्या ओळीवरून बोट फिरवत राहिला. बोटाची धूळ कागदावर लागली. अक्षर येत नव्हतं, पण सगळी सारखी आहेत एवढं त्याला दिसलं. "आसं व्हय," म्हणाला, आणि टोपी घालून निघून गेला. चालण्यावरूनच कळत होतं, घरी गेल्यावर काय होणार ते.

"हवेला बापाचाही मार!" घुलेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"सर, एक मिनिट." तेजश्रीनं हात वर केला होता, शाळेतल्या पोरीसारखा. त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "नाव तर हेडमास्तरांनी मनानं घातलं होतं ना? मग त्याचे वडील कुठून आले?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. असले प्रश्न मला आवडतात. त्यानं गोष्टीला धार येते.

"गवंडेबाई, सुरुवातीलाच काय म्हणालो मी? विश्वास ठेवणार नाही. अहो, मलाच कोडं पडलं होतं. दुसऱ्या कुठल्या हणमंताचा बाप चुकून आला असेल. नाहीतर पोरगं तयार झालं, तसा बापही तयार झाला असेल. दुष्काळात काय वाटेल ते उगवतं, पीक सोडून."

पुन्हा हशा. ती हसली नाही, पण तिनं हात खाली घेतला. मी लगेच तपासणीचा दिवस पुढं आणला.

डिपुटी साहेब आले. काळी टोपी, काखेत छत्री, कानांतून केसांचे झुबके. मागं कुंभोजकर, चिमूट नाकाशी धरलेली. सगळा संसार त्या छत्रीच्या टोकावर.

साहेबांनी हजेरीपट घेतला. "पट एक्केचाळीस. हजर चाळीस. एक गैरहजर." मग बोटानं डोकी मोजायला लागले. मोजून झाली. कपाळाला आठी. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा छत्रीच्या टोकानं मोजली. म्हणाले, "एक्केचाळीस आहेत की."

ऐकताय ना? डिपुटीसारख्या सरकारी माणसाला ते मोजता आलं! साहेब सरळ मागं गेले, छत्री त्या बस्कराकडं रोखली आणि म्हणाले, "काय रे, नाव काय तुझं?"

आणि बस्करातून आवाज आला, "ह... ह... ह..."

महिन्यापूर्वी असतं तर त्या ह वर कौलं उडाली असती. त्या दिवशी चाळीस पोरं हाताची घडी घालून फळ्याकडं बघत बसली होती. मी तो आवाज ऐकत होतो आणि माझ्या वर्गाकडं बघत होतो. मला भरून आलं. साहेब वाट बघत होते. "ह... ह..." साहेब कंटाळले. वळून विचारलं, "कोण आहे हा?"

मी काही बोललो नाही. चांगल्या मास्तरानं अशा वेळी बोलायचं नसतं. मी फक्त पुढच्या रांगेवर नजर टाकली. तिथं एक पोरगी बसायची. दोन वेण्या, लाल रिबिनी, हुशार. ती उभी राहिली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "कोणी नाही, साहेब."

"कोणी नाही म्हणजे?"

"असंच येऊन बसतंय, साहेब."

मग सदा न्हावी उभा राहिला. "कोणी नाही, साहेब." मग सगळा वर्ग, एका सुरात, पाढे म्हटल्यासारखा, "कोणी नाही, साहेब!"

"गावातलं खुळं वगैरे दिसतंय," साहेब कुंभोजकरांना म्हणाले. "असली पोरं वर्गात येऊ देत जाऊ नका. शिपाई, याला बाहेर काढ."

आता डोळ्यांपुढं आणा! आमच्या शिपायानं हवेचा दंड धरला, हवा फरफटत दारापर्यंत नेली, बाहेर सोडली आणि आतून कडी घातली. थोडा वेळ बाहेरून दारावर थापा पडत होत्या. मग थांबल्या. मी भूगोल शिकवायला घेतला. नद्या.

साहेबांनी शेरा लिहिला, 'वर्गाची शिस्त अनुकरणीय.' कुंभोजकरांनी चिमूट ओढली. पंधरा दिवसांत ऑर्डर आली, वैशाखात लग्न झालं, आणि सासऱ्यांनी मला पहिल्यांदा आतल्या खोलीत चहा दिला.

टाळ्या पडल्या. घुले तर उभा राहून वाजवत होता. मी हात वर करून त्यांना थांबवलं, कारण शेवटचं वाक्य नेहमी मी टाळ्यांनंतर सांगतो. ते घरापर्यंत जातं.

"ऑर्डर माझ्या नावावर आली," मी म्हणालो, "पण ती मिळवली त्या पोरीनं. वेण्यावाल्या. नाव आठवत नाही. पण शेहेचाळीस वर्षांत इतकी तयार पोरगी दुसरी पाहिली नाही. जिथं असेल तिथं तिला या म्हाताऱ्या मास्तराचा नमस्कार. तुमच्या वर्गात अशी एक जरी तयार केलीत, तर छडी मोडून चुलीत घाला."

मग माझ्या लक्षात आलं, सुपाचा आवाज केव्हाचा थांबलाय.

"ती पोरगी मी हाय, गुरुजी," दारातून सोनामावशी म्हणाली.

मी वळून पाहिलं. पांढरे केस, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. खडकवेढे तिथून दोन गावं पलीकडं. इकडं दिलेली असणार. चेहऱ्यावरून काही ओळख लागेना, पण मी असल्या संधी सोडत नाही.

"काय सांगता!" मी दोन्ही हात पसरले. "बघा मंडळी, साक्षीदारच सापडली! मावशी, तुम्हीच सांगा आता यांना. एक तरी शब्द खोटा बोललो का मी?"

मावशी सूप बाजूला ठेवून उठली. पदरावरचा कोंडा झटकला. माझ्याकडं न बघता ती तेजश्रीकडं बघून बोलायला लागली.

"बाई, तुमी मगाशी इचारलंत, बाप कुटनं आला म्हनून. तो माझा बाप व्हता."

घुलेचं तोंड हसण्यासाठी उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"निळ्या दोऱ्याचं बस्कर आईनं शिवल्यालं. दोन शिवली व्हती, येक माझं, येक हणमंताचं. माझ्यापेक्षा वरसानं मोठा, पर येकाच वर्गात व्हतो. त्याला बोलताना अडायचं. तेवढंच. हजर म्हनाया लागला की पोरं त्याच्या नकला करायची. गनितं त्याची समद्यांच्या आदी व्हायची."

"मावशी, अहो, गोष्ट रंगवताना माणूस थोडं—" मी म्हणालो.

"बापानं त्या दिशी त्याला घमेल्यानं मारलं, शाळंत जात न्हाईस म्हनून. त्याला सांगाया येईना. मला येत व्हतं. म्या न्हाई सांगितलं. दुसऱ्या दिशी पुन्यांदा आला की शाळंत, माझ्या मागनं. मी वाटंत चार पावलं म्होरं पळायची. म्हटलं, ह्याच्यासंगट दिसले तर गुरुजींना मी बी दिसायची न्हाई."

तेजश्रीनं आपली वही हळूच मिटली.

"दार वाजवत व्हता तवा म्या नद्या लिवत व्हते. त्याच्यानंतर तो खडीवर गेला. आता हाय माझ्याकडंच, बायकू न्हाई, कोन न्हाई. परवा बँकंत सायबानं नाव इचारलं, तर माझ्याकडं बघत उभा राह्यला."

तिनं सूप पुन्हा उचललं, दारातल्या आपल्या जागी बसली, आणि तेजश्रीला म्हणाली,

"लिवून घ्या बाई, गुरुजींची गोष्ट समदी खरी हाय. येवढंच खोटं हाय. बस्कर रिकामं न्हवतं."